ड्रिल मशीनवर चालणारी गाडी : विद्यार्थ्यांसाठी आणि वर्कशॉपवाल्यांसाठी एक धडा

मुलुंडमध्ये लाल बहादूर शास्त्री मार्गाने चेकनाक्याकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला कारखान्यांच्या भिंती लागत असत, ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. जॉन्सन अँड जॉन्सन, रिचर्डसन अँड क्रुडास, आणि थोडे मागे भांडुपला जी.के.डब्ल्यू. व सीएट. याच रस्त्यावर रॅलीवूल्फ कंपनीचा कारखाना होता. हातात धरून चालवायची विजेची ड्रिल मशीन व ग्राइंडर तेथे तयार होत. नावातला ‘वूल्फ’ हा इंग्लंडच्या वूल्फ इलेक्ट्रिक टूल्सचा. जुन्या फिटर लोकांच्या तोंडी आजही ‘वूल्फची मशीन’ हा शब्द आहे, मग हातातली मशीन कोणत्याही कंपनीची असो. चेकनाका ओलांडला की पलीकडे ठाण्याची वागळे इस्टेट. या दोन्हींच्या मधल्या गल्ल्यांतून लेथ, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनची जी लहान वर्कशॉप वाढली, ती याच कारखान्यांच्या कामावर वाढली. मोठे कारखाने एकेक करून बंद झाले किंवा हलले, जागेवर इमारती आणि मॉल आले. लहान वर्कशॉप मात्र काही ना काही काम शोधून टिकून आहेत.

अशाच एका गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये मागील वर्षी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील चार विद्यार्थी आले. हातात एक कोरा कागद आणि एक बॅटरीवरची ड्रिल मशीन. म्हणाले, “चाचा, यावर गाडी चालवायची आहे. माणूस बसलेली.” एका महाविद्यालयाच्या तांत्रिक महोत्सवातील स्पर्धा होती. नियम थोडेच होते : बाजारात मिळणारी एकच बॅटरीची ड्रिल मशीन, तिची मोटर व गिअर उघडायचे नाहीत, एकच बॅटरी, एक चालक, आणि अर्ध्या तासात जो जास्त फेऱ्या मारील तो पहिला. मला आधी हसू आले. भिंतीला भोक पाडायचे यंत्र माणसाला काय ओढणार! परंतु हिशेब करून पाहिला आणि हसू थांबले. तो हिशेब आणि त्यापुढचे बांधकाम आज वाचकांपुढे ठेवीत आहे. हे काम पुन्हा पुन्हा आपल्या गल्लीत येणार आहे, आणि ज्याला ते समजून करता येईल त्याला त्यातून दोन पैसे व बरेच शिक्षण मिळणार आहे.

कल्पना नवी नाही. जर्मनीत हिल्डेसहाइम येथे तेथील तांत्रिक महाविद्यालयाचे विद्यार्थी २००५ सालापासून बॅटरीच्या स्क्रू-ड्रायव्हरवर चालणाऱ्या गाड्यांची शर्यत करू लागले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका भंगारखान्यात ड्रिल, ग्राइंडर, करवती यांना चाके लावून शर्यती झाल्या. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या गाड्यांची मोठी परंपरा उभी राहिली ती ‘बाहा’ स्पर्धेमुळे. ती २००७ साली मध्य प्रदेशात पीथमपूरला सुरू झाली. तेथे सुरुवातीला सर्व संघांना एकाच जातीचे इंजिन वापरावे लागे, म्हणजे फरक पडे तो बांधणीत आणि डोक्यात. मुलुंडच्या शेजारी पवईला आय.आय.टी.च्या मुलांनी विजेवर चालणारी रेसिंग गाडी बांधून इंग्लंडला सिल्व्हरस्टोनपर्यंत नेली. आमच्या चार मुलांची गाडी त्यापुढे खेळणेच. पण नियम तोच : यंत्र सर्वांचे सारखे, हिशेब ज्याचा त्याचा.

मशीनच्या पोटात काय आहे

हाती धरायची विजेची ड्रिल प्रथम जर्मनीच्या फाइन कंपनीने १८९५ साली आणली. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा ट्रिगर ही रचना अमेरिकेच्या ब्लॅक अँड डेकरची. तिचे पेटंट १९१७ सालचे. याच कंपनीने १९६१ साली वायर नसलेली, बॅटरीची ड्रिल बाजारात आणली. आजची बॅटरी लिथियमची असते. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चार अँपिअर-तासाच्या बॅटरीत अशा दोन रांगा असतात. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-तास. हीच आपली सगळी पुंजी. साठ वॉटचा जुना दिवा या पुंजीवर सव्वा तास जळेल, इतकीच ती आहे. ती कशी खर्चायची, हा सगळा खेळ.

आतली मोटर मुठीत मावेल एवढी असते, पण मिनिटाला वीस हजारांच्या आसपास फेरे घेते. तिच्यापुढे ग्रहमालेसारखे गिअर असतात, एका मधल्या दात्याभोवती तीन लहान दाते फिरणारे. वर एक सरकते बटन असते : १ आणि २. एकवर चक मिनिटाला सुमारे ४५० फेरे घेतो, दोनवर सुमारे १५००. एकवर टॉर्क जास्त, दोनवर वेग जास्त. पुढची आकड्यांची रिंग म्हणजे क्लच. स्क्रूची मान तुटू नये म्हणून तो ठराविक टॉर्कला सुटतो. गाडीसाठी ही रिंग नेहमी ड्रिलच्या खुणेवर ठेवावी, नाहीतर चढाला क्लच कडकड करून सुटेल आणि आपण चेनमध्ये दोष शोधत बसू.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटरचा पंखा मोटरच्याच शाफ्टवर असतो. मोटर जोरात फिरते तेव्हा हवा मिळते. हळू फिरते आणि जोर लावते तेव्हा करंट जास्त व हवा कमी, म्हणजे जळण्याची तयारी. चढावर गाडी घुटमळते आणि चालक ट्रिगर दाबून बसतो, तेथेच मोटर जाते.

हिशेब आधी, वेल्डिंग मागाहून

गाडी २५ किलोची धरली आणि चालक ५५ किलोचा. चौघांतला सर्वांत हलका मुलगा चालक झाला, त्यावरून भांडण झाले ते सोडून देऊ. एकूण ८० किलो, म्हणजे सुमारे ७८५ न्यूटन वजन. चांगली हवा भरलेल्या सायकलच्या चाकाला सपाट डांबरी रस्त्यावर वजनाच्या साधारण शंभरावा भाग विरोध होतो. तो झाला ८ न्यूटन. ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर, या वेगाला बसलेल्या माणसावर हवेचा विरोध सुमारे ५ न्यूटन. एकूण १३ न्यूटन. म्हणजे सव्वा किलोची पिशवी उचलायला लागेल इतकेच बळ! १३ गुणिले ४.१७ म्हणजे साधारण ५५ वॉट. चेन, बेअरिंग वगैरेंत पाचवा हिस्सा गेला असे धरले तर चकमधून ७० वॉट हवेत. मोटर आणि तिचे गिअर स्वतः बरीच वीज उष्णतेत घालवतात, तेव्हा बॅटरीतून निघतील ११० वॉटच्या आसपास. अर्ध्या तासात ५५ वॉट-तास. आपल्याजवळ ७२ आहेत. म्हणजे जमते, पण उधळपट्टीला जागा नाही.

आता चढ पाहू. वीसास एक, म्हणजे वीस मीटरला एक मीटर चढ. त्यासाठी ३९ न्यूटन वर लागतात, म्हणजे बळ एकदम चौपट. ताशी १५ च्या वेगाने हा चढ चढायचा म्हटले तर २१८ वॉट लागतील, आणि मोटर काही मिनिटांत वास देऊ लागेल. तोच चढ ताशी ६ ने चढला तर ८० वॉटमध्ये भागते. परंतु वर म्हटल्याप्रमाणे हळू फिरणारी मोटर तापते. एकाच गिअरच्या गाडीला म्हणूनच चढ टाळावा, आणि टाळता येत नसेल तर तो लहान असावा. स्पर्धेचे मैदान आधी पायी फिरून पाहिले पाहिजे, ते यासाठी. आमच्या मुलांनी ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन मैदानाचा उतार मोजला. गवंड्याची रीत, पण चोख.

आता वेगाचे प्रमाण. मागचे चाक २० इंची, परीघ सुमारे १.५७ मीटर. ताशी १५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला २५० मीटर, म्हणजे चाकाचे १५९ फेरे. मशीन एक नंबरवर मोकळी ४५० फिरते, वजन आले की ३८० ते ३९० वर येते. ३८८ ला १५९ ने भागा : २.४४. आता सायकलीच्या दुकानात जा. साध्या काळ्या सायकलीचे चेनव्हील ४४ दात्यांचे आणि फ्रीव्हील १८ दात्यांचे. ४४ भागिले १८ म्हणजे २.४४. नेमके आपल्याला हवे तेच! फरक एवढाच की सायकलीत पाय मोठ्या चक्राला असतात आणि लहान चक्र चाकावर. येथे उलटे, लहान चक्र मशीनकडे आणि मोठे चाकावर. हा आकडा निघाला तेव्हा माझ्याकडचा आय.टी.आय. झालेला टर्नर मुलगा खडू घेऊन पत्र्याच्या दारावर तो पुन्हा करून पाहत होता. लेथवर आयुष्य काढणारी आपली पुष्कळ मुले मायक्रोमीटर वाचतात, पण भागाकाराला घाबरतात. आणि कॉलेजच्या मुलांनी भागाकार क्षणात केला, पण ४४ दात्यांचे चक्र कोणत्या दुकानात मिळते हे त्यांना माहीत नव्हते.

गाडी उभ्याने सुटताना बळ जास्त लागते. आठ सेकंदांत १५ चा वेग गाठायचा तर ४२ न्यूटन, अधिक रस्त्याचे ८, असे ५०. चाकाची त्रिज्या पाव मीटर, म्हणजे १२.५ न्यूटन-मीटर टॉर्क. २.४४ ने भागून आणि थोडा तोटा धरून मशीनवर सुमारे ५.७. साधी मशीन एक नंबरवर याहून कितीतरी जास्त सोसते. तरीही आम्ही चालकाला सांगितले की सुरुवातीला पायाने ढकल, दोन पावले. जे काम पाय फुकट करतात त्यासाठी बॅटरी का खर्चावी?

बांधणी

फ्रेम २५ बाय २५ मिलिमीटर चौकोनी पाइपची केली, १६ गेजची. असा पाइप मीटरला १.२ किलोच्या आसपास भरतो. सात मीटर लागला, म्हणजे साडेआठ किलो. मुलांनी कागदावर जाड पाइप घेतला होता, ‘मजबुतीसाठी’. मजबुती पाइपच्या जाडीत कमी आणि तिरकस आधारात जास्त असते, हे पटवायला पाच मिनिटे लागली. तिरकस पट्टी न लावलेली चौकट हाताने दाबून दाखवली, मग एक पट्टी टाक्यांवर लावून तीच पुन्हा दाबायला दिली. अगोदर सगळीकडे टाके मारावेत, गुण्याने कोन व सुतळीने कर्ण तपासावेत, आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे. एका बाजूने सरळ वेल्ड मारीत गेले तर फ्रेम पिळते आणि गाडी जन्मभर एकीकडे ओढते.

तीन चाकी गाडीला पुढे दोन आणि मागे एक चाक ठेवावे. रिक्षासारखे पुढे एक ठेवले तर वळणावर ब्रेक मारताच कलंडण्याचा धोका जास्त. पुढच्या चाकांसाठी आम्ही लहान मुलांच्या १६ इंची सायकलींचे दोन फोर्क त्यांच्या पाइपसह कापून घेतले. कुर्ल्याच्या भंगारात असे पुष्कळ मिळतात. यात स्टिअरिंगचे बेअरिंग तयार मिळते, चाक दोन्ही बाजूंनी धरलेले राहते आणि ब्रेकही जागेवर असतो. नवीन किंगपिन बनवण्याचे लेथकाम वाचले. दोन्ही फोर्कना मागे वळलेले हात वेल्ड करून मधल्या दांडीने जोडले. हे हात सरळ मागे न ठेवता थोडे आत वळवावेत. फोर्कच्या मध्यापासून हाताच्या टोकातून सुतळी धरली तर ती मागच्या धुऱ्याच्या मध्याशी गेली पाहिजे. कारण वळताना आतले चाक लहान वर्तुळात फिरते, त्याला जास्त वळावे लागते. तसे झाले नाही तर टायर घासत जाते, आणि आपण मोजूनमापून आणलेले ८ न्यूटन वळणावर कुठल्या कुठे जातात.

आता मुख्य भाग. ड्रिलच्या चकवर कधीही थेट चेन लावू नये. भोक पाडताना मशीनला पुढे दाबतात. तिचे बेअरिंग त्या दाबासाठी असते, बाजूने ओढण्यासाठी नसते. चेन बाजूने ओढते. असे केले तर पहिल्या दिवशी चक डगमगते आणि दुसऱ्या दिवशी गिअरबॉक्स जातो. म्हणून मध्ये एक वेगळा शाफ्ट टाकावा. आम्ही १५ मिलिमीटर व्यासाचा घेतला, दोन्हीकडे ६२०२ नंबरचे बेअरिंग. ते नागदेवी स्ट्रीटवर कोणत्याही दुकानात मिळते. चेनची सगळी ओढ हे दोन बेअरिंग घेतात, ड्रिल फक्त पीळ देते. ड्रिल आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबराचा तारा असलेले कपलिंग ठेवावे, म्हणजे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालते. चकच्या तीन जबड्यांत गोल दांडी घसरते. तिला षट्कोनी करावी किंवा तीन बाजूंनी चपटी करावी.

मशीनला पुढे, जेथे बाजूची मूठ बसते त्या गळ्यावर, रबर लावून क्लँप करावे. मूठ मात्र एका लोखंडी आधाराला टेकलेली हवी. चक एका बाजूला फिरते तेव्हा मशीन स्वतः उलट फिरू पाहते. साध्या सुटण्याच्या वेळी मुठीवर चार किलोचा जोर येतो. चाक अडकले आणि मशीनने पूर्ण टॉर्क लावला तर हा जोर पंचवीस किलोच्या पुढे जातो. प्लास्टिकच्या टायने बांधलेल्या मशीन मी पाहिल्या आहेत. त्या कोणाच्या तरी गुडघ्यावर बसतात.

जी गाडी उलटी चालली

येथे माझी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. ट्रिगर सोडला की ड्रिल एकदम थांबते, तिच्यात तशी सोयच असते. गाडी वेगात असताना असे झाले तर मागचे चाक जाम होईल. म्हणून शाफ्टवर साधे चक्र न लावता सायकलीचे फ्रीव्हीलच लावायचे, म्हणजे मशीन थांबली तरी गाडी घरंगळत राहील. विचार बरोबर होता. परंतु सवयीने मी फ्रीव्हील सायकलीप्रमाणे उजव्या बाजूला लावले, आणि मशीन डाव्या बाजूने बसवली. तिला रिव्हर्सवर टाकले तेव्हा शाफ्ट पुढच्या दिशेने फिरू लागला, पण चाक जागचे हलेना. नुसता टिकटिक आवाज. फॉरवर्डवर टाकले तर गाडी मागे निघाली! मुले हसत होती. मी फ्रीव्हील खोलून साफ केले, तेल घातले, पुन्हा लावले. तेच. दीड तास गेला.

शेवटी गल्लीच्या तोंडावर सायकली दुरुस्त करणारे वयस्कर चाचा चहा प्यायला आले. त्यांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, “बेटा, सायकलीत चेन फ्रीव्हीलला ओढते. तुझ्याकडे फ्रीव्हील चेनला ओढते आहे. उलटे कर.” एवढेच. सायकलीत बाहेरचे दातेरी कडे आतल्या भागाला फिरवते. येथे आतला भाग बाहेरच्या कड्याला फिरवतो, म्हणून आतले पावले पकडतच नाहीत. फ्रीव्हील शाफ्टच्या डाव्या टोकाला, तोंड बाहेर डावीकडे करून लावावे. मशीन उजव्या बाजूने, डावीकडे तोंड करून बसवावी. मग ड्रिल फॉरवर्डवर चालते आणि गाडी पुढे जाते. आणखी फायदा असा की फ्रीव्हीलच्या आट्या जोर लागेल तशा आवळत जातात, सुटत नाहीत. रिव्हर्सवर सतत चालवली तर पुष्कळ मशीनचे चक सैल होते, तोही प्रश्न मिटला.

चेन डाव्या बाजूला गेल्यामुळे मागच्या चाकाला डावीकडे ४४ चे चक्र बसवायचे होते. सायकलीच्या साध्या हबला तेथे काही नसते. डिस्क ब्रेकच्या हबला मात्र डावीकडेच सहा बोल्टची जागा असते. पाच मिलिमीटर पत्र्याची एक चकती कापून त्या सहा बोल्टवर बसवली आणि चेनव्हील तिच्यावर. चकतीचे केंद्र जर अर्धा मिलिमीटर चुकले तर चेन एका फेऱ्यात ताठ आणि सैल होते. हे काम लेथवरच करावे, गॅस कटरने करू नये.

थांबणे

स्पर्धेत मुले चालण्याचा विचार करतात, थांबण्याचा नाही. १५ च्या वेगाची गाडी बऱ्या ब्रेकने तीन मीटरमध्ये थांबते, वाईट ब्रेकने समोरच्या भिंतीत थांबते. ब्रेक दोन हवेत, दोन वेगळ्या लिव्हरवर, दोन वेगळ्या केबलवर. पुढच्या दोन चाकांचा एक, मागच्याचा एक. मशीनच्या थांबण्यावर ब्रेक म्हणून विसंबू नये. फ्रीव्हील असल्यावर तिचा गाडीशी संबंधच उरत नाही.

ट्रिगर आम्ही सायकलीच्या ब्रेक केबलने ओढला. ज्याची सर्वांत जास्त भीती होती ती येथे : केबल अडकली तर ट्रिगर दाबलेलाच राहील. म्हणून केबलला स्वतंत्र स्प्रिंग लावली. केबलचे बाहेरचे वेष्टण ज्या खाचेत टेकते, ती खाच एका पिनवर ठेवून पिनला दोरी बांधली आणि दोरी चालकाच्या मनगटाला. चालक पडला किंवा घाबरून उतरला की पिन निघते, वेष्टण मोकळे होते, केबल सैल पडते आणि मशीन बंद. मशीन न उघडता हे होते, म्हणून नियमातही बसते. पहिल्या चाचणीला चाक हवेत ठेवून ही पिन वीस वेळा ओढून पाहिली. ज्या मुलाला याचा कंटाळा आला त्याला गाडीवर बसू दिले नाही.

२३० व्होल्टची वायरची ड्रिल लावून, लांब वायर सोडून गाडी चालवण्याचा विचार कोणी करू नये. चाकाखाली वायर कापली गेली की लोखंडी फ्रेमवर बसलेला मुलगा आणि वीज यांच्यामध्ये काही उरत नाही. बॅटरीबाबतही दोन सूचना. कमी-जास्त चार्ज असलेल्या दोन बॅटरी एकमेकींना कधी समांतर जोडू नयेत. आणि शर्यतीहून आलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये, ती निवू द्यावी. रात्रभर चार्जिंगला लावून दुकान बंद करून जाणे हे तर दुकानाला काडी लावून जाण्यासारखे आहे. गाडी रस्त्यावर नेऊ नये हे सांगायला नकोच. २५० वॉटच्या आतील व ताशी २५ किलोमीटरच्या आतील विजेच्या वाहनाला नोंदणी लागत नाही हा नियम आहे, पण तो तपासून पास झालेल्या वाहनासाठी आहे, आपल्या गल्लीतल्या जोडकामासाठी नाही.

स्पर्धेच्या दिवशी मुलांनी एक शहाणपण केले. गाडी १७-१८ च्या वेगापर्यंत नेऊन ट्रिगर सोडायचा, १२ पर्यंत घरंगळू द्यायची, पुन्हा दाबायचा. कमी इंधनात जास्त अंतर जाण्याच्या स्पर्धांत हीच युक्ती वापरतात. मोटर चालते तेव्हा तिच्या सोयीच्या वेगाने चालते आणि मधल्या वेळात निवते. एकदा चेन उतरली, त्यात चार मिनिटे गेली, कारण चेन ताणायची खाच मी फारच लहान ठेवली होती. अर्धा तास संपला तेव्हा बॅटरीच्या चार दिव्यांपैकी एक लागत होता. नंबर पाचवा आला. पहिल्या आलेल्या संघाची गाडी आमच्याहून सात किलोने हलकी होती, आणि तिला चेनऐवजी दातेरी बेल्ट होता.

पैशाचा हिशेब

हे पान व्यापाराचे आहे, म्हणून याबद्दलही लिहिले पाहिजे. फॉर्म्युला स्टुडंट म्हणून जी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहे, तिच्या १००० गुणांपैकी १०० गुण खर्च व उत्पादनाच्या तपशिलाला आणि ७५ गुण धंद्याच्या आराखड्याला असतात. रचनेच्या परीक्षेला १५०. म्हणजे गाडी हलण्यापूर्वीच ३२५ गुण कागदावर ठरतात. अशा स्पर्धांना जाणाऱ्या मुलांना वर्कशॉपकडून नुसते काम नको असते. त्यांना पाहिजे असते लेखी मोजमाप : कोणता भाग, कोणते धातू, किती वजन, कोणत्या मशीनवर किती मिनिटे, काय दर. जो वर्कशॉपवाला हे एका कागदावर लिहून देतो त्याच्याकडे पुढच्या वर्षीचा संघ येतो. आपल्याकडे सवय अशी की “हो जाएगा, देख लेंगे” म्हणायचे, मग शेवटच्या दिवशी एक गोल आकडा सांगायचा आणि भाव करायचा. चौघांतल्या एकाने पहिल्याच दिवशी विचारले की तासाचा दर काय, आणि मला सांगता आला नाही. इतकी वर्षे लेथ चालवून! रात्री बसून भाडे, वीज, कारागिराचा पगार, हत्यारांची झीज काढली आणि मशीनच्या खऱ्या चालत्या तासांनी भागले, तेव्हा कळले की काही गिऱ्हाइकांचे काम मी तोट्यात करीत होतो.

माझ्या वहीप्रमाणे या गाडीला लेथवर साडेपाच तास गेले, त्यांपैकी दोन फ्रीव्हीलच्या आट्यांचा अडॅप्टर बनवण्यात. तो भाग इंची आट्यांचा असतो, इंचाला २४. वेल्डिंगला चार तास. फिटिंग आणि दुरुस्तीला जवळजवळ अकरा. माझ्या चुकीचा दीड तास मी त्यांच्या बिलात धरला नाही, तो धरणे योग्य नव्हते. पण त्यांनी तीन वेळा स्टिअरिंगची जागा बदलली, त्याचे सव्वादोन तास मात्र मी भिडेपोटी सोडले, आणि ते सोडायला नको होते. तो वेळ माझ्या टर्नर मुलाचाही होता.

एका बाबतीत मी अट घातली आणि ती पाळली गेली. काम टाकून जायचे नाही, चौघांपैकी दोघांनी रोज येऊन उभे राहायचे, फायलिंग आणि ड्रिलिंग स्वतः करायचे, आणि जाताना त्या दिवसाचा हिशेब माझ्या मुलाला समजावून सांगायचा. पहिले दोन दिवस दोन्हीकडून नाराजी होती. एकाच्या हाताला फोड आले, दुसऱ्याला वाटले आपली परीक्षा घेतात. चौथ्या दिवशी टर्नरने स्वतःहून विचारले, “चाक १६ इंची केले तर किती दात्यांचे लागेल?” आणि उत्तर येण्यापूर्वी दारावर खडूने मांडून पाहिले. ३५ आले. चाकाचा व्यास थोडा कमी-जास्त धरला तर ३६ चालेल, असे मुलांनी सांगितले.

यंदा तेच विद्यार्थी पुन्हा येऊन गेले. वजन २० किलोच्या आत आणायचे आहे, फ्रेम ॲल्युमिनियमची म्हणतात. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग आमच्याकडे होत नाही, ते वागळे इस्टेटमध्ये करून घ्यावे लागेल. लेथचे काम आमच्याकडे आहे. दर आणि बदलाचे तास कसे धरणार, हे या वेळी आधीच लिहून त्यांच्या सह्या घेतल्या आहेत.